कमी म्हणजे बंद नव्हे

एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)
७ ऑक्टोबर १९९८

चि. प्रितेश,

आशीर्वाद. तुझ्या वडिलांच्या पायाची जखम भरत नाही आणि तिचं कारण त्यांच्या ताटात आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू "हो आत्या, बरं आत्या" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र तुला पुरं वाचावं लागेल.

झालं ते असं. गेल्या महिन्याच्या सुरुवातीला दादा खाडीकाठच्या खाजणातल्या शेताच्या बांधाची फूट बुजवायला अनवाणी उतरला आणि कालवाच्या शिंपल्याने उजवा तळवा चांगला खोल कापला. त्याने हळद भरली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरला. पाय सुजून ताप चढला तेव्हा शेजारच्या क्लेमेंटीनबाई रिक्षा घेऊन आल्या आणि त्याला वसईला दवाखान्यात घेऊन गेल्या. त्याला विचारलं नाही, हे बरं केलं. तिथे रक्त तपासलं तेव्हा मधुमेह निघाला. रक्तात चरबीही फार. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज पट्टी बदलायला सांगितलं, आणि मटण कमी करा, कलेजी-वजडी विसरा, असं बजावलं.

"कमी करा" हे शब्द तुझ्या आईने, हंसावहिनीने, ऐकले. पण आपल्या घरात जेवणाचे दोनच प्रकार आहेत, हे तुला ठाऊक आहे. एक मासळी-मटणाचं आणि दुसरं उपासाचं. सोमवारी आणि गुरुवारी दादा-वहिनी दोघंही उपास धरतात, आणि बाकीचे दिवस कालवणाचे. तिसरं काही या घरात कधी शिजलंच नाही. वरण होतं ते श्राद्धाला, आणि तेही इतकं पातळ की ताटात थांबत नाही. तेव्हा मटण गेलं, म्हणजे रोज सोमवार आला.

मी परवा रविवारी गेले तर दादापुढे साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी आणि वरीचा भात. खिचडीत दाण्याचं कूटही नाही, कारण पित्त होईल. वहिनी मला अभिमानाने म्हणाली, "वन्सं, महिना झाला, घरात वशाट शिजवलं नाय. सगलं पवित्र." दादाचे खांदे उतरले आहेत. शर्ट हँगरला अडकवल्यासारखा दिसतो.

मधुमेहाच्या माणसाला साबुदाणा आणि रताळी म्हणजे साखरच. आणि मांस भरायला प्रथिनं लागतात, ती त्या ताटात जवळजवळ नव्हतीच. मी गृहविज्ञान शिकले ते रांगोळ्या काढायला नव्हे. तिथल्या तिथे वहिनीला बसवून सांगितलं: मूग, चवळी, कुळीथ, हरभरे, मसूर. त्यांच्या जोडीला भाकरी किंवा थोडा भात, कारण कडधान्य आणि धान्य मिळून अंगाला पुरं लागतं. दही रोज. अंड्यातला पांढरा भाग. आठवड्यातून दोनदा मासळी, कालवणातली, तळलेली नाही. मूत्रपिंडं चांगली आहेत हे डॉक्टरांकडून आधी विचारून घेतलं होतं, नाहीतर डाळही मोजूनच द्यावी लागली असती.

आता सुरळीत होईल. काळजीचं कारण नाही.

तुझी,
विनयाआत्या


२६ ऑक्टोबर १९९८

चि. प्रितेश,

तुझं उत्तर नाही. दिवाळीत दोन ओळी टाकल्या असत्यास तर हात झिजला नसता.

सुरळीत झालं नाही. आणि मागच्या पत्रात काळजीचं कारण नाही असं मी लिहिलं होतं, तेही खरं नव्हतं. जखम अशीच राहिली तर दोन बोटं काढावी लागतील, पुढे कदाचित पाऊलही, असं डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. दूर बसून तू काय करणार, म्हणून लिहिलं नाही. आता लिहिते, कारण आता तुझा उपयोग आहे.

वहिनीने चवळीची उसळ केली. दादाने ताट सरकवलं. मुगाचं केलं, तेही सरकवलं. साबुदाणा मात्र मुकाट्याने खातो. मी जाऊन विचारलं की हा काय प्रकार. तो पायाकडे बघत म्हणाला, "सोमवारचं देवाचं हाय, ते मी खातो. रोज उसल खाऊन जगनं हे प्रितेशचं. ते मी नाय खानार. पाय गेला तरी चालंल."

म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं गटारीचं भांडण अजून संपलेलं नाही. तू माळ घालून सत्संगाला जायला लागलास, तेव्हा गावात दहा तोंडांनी बोलणं झालं. ते दादाने पचवलं. पण गटारीच्या दिवशी पाहुण्यांनी भरलेल्या पंगतीत तू कोंबड्याच्या ताटावरून उठलास, ते त्याच्या घशाखाली उतरलं नाही. तो काय बोलला तेही मला पाठ आहे: "गवत खानाऱ्याने माझ्या शेतात पाय ठेवू नये." तू त्याच महिन्यात पासपोर्टच्या मागे लागलास. तुम्हा दोघांत कोण बरोबर, याचा निवाडा मी करत नाही. माळ घालणं तुझा हक्क होता. एकुलता एक मुलगा जेवणावरून उठला म्हणून बापाने चिडणं, हेही मला समजतं.

वहिनीशी भांडून उपयोग नाही. ती दिवसातून दोनदा पट्टी बदलते, पाणी उकळून गार करते, एकदाही नाक मुरडत नाही. मटण वर्ज्य करताना तिने स्वतःचंही सोडलं, ते मला कालच कळलं. म्हणाली, "त्यांच्यापुढं बसून कसं खाऊ." या बाईला दोन शब्द नीट समजावणारं कोणी आधी भेटलं असतं तर हा पाय एवढा चिघळला नसता.

तर काम असं. तू तिथे मस्कतला सकाळपासून रात्रीपर्यंत काय खातोस आणि कसलं काम करतोस, ते मला सविस्तर लिही. "ठीक आहे" असलं उत्तर नको. खोटं लिहू नकोस, मला शिजवता येतं, मला कळेल.

विनयाआत्या


२९ नोव्हेंबर १९९८

चि. प्रितेश,

तुझं पत्र आलं. चार पानं. तुझ्या हातून इतकं लिहून होतं हे मला ठाऊक नव्हतं. अक्षर अजून वाईटच आहे.

ते मी दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.

मी बसले होते ओटीवर. दादा पाय उशीवर ठेवून सुपारी कातरत होता, न ऐकल्यासारखा. आधी तुझ्या कामाचं वाचलं: इमारतींना लिफ्ट असली तरी ती कामगारांना वापरू देत नाहीत, आणि खिडकीतलं एसी मशीन तू खांद्यावर घेऊन चार जिने चढतोस. तेव्हा अडकित्ता थांबला नाही. मग ते आलं, जे तू आम्हाला कोणालाच कधी कळवलं नव्हतंस. पहिले काही महिने तू भात-बटाटाच खात होतास, घरी खायचास तसाच, आणि एके दिवशी दुसऱ्या जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन मशीनसकट खाली बसलास. तिथे अडकित्ता थांबला.

"मंग?" दादा म्हणाला.

मग मी पुढचं वाचलं. तुझ्या खोलीतला तो आंध्रचा सुतार, तोही मांस खात नाही, त्याने तुला शिव्या घातल्या आणि भिजवलेले हरभरे पुढे ठेवले. सकाळी हरभरे, दुपारी उसळ आणि खुबूस (तिथली रोटी), रात्री मसूर आणि वाडगाभर दही. तीन महिन्यांत तू पुन्हा चार जिने चढायला लागलास. मी वाचत असताना वहिनी आत चुलीपाशी उभी होती. बाहेर आली नाही.

दादाने विचारलं, "ते मशीन किती वजनाचं असतं?" मला ठाऊक नव्हतं. म्हणाला, "भाताच्या गोनीयेवढं आसंल." मग, "येकटा चढवतो?" मी म्हटलं, तसं लिहिलंय. त्याने पुन्हा सुपारी कातरायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वहिनीला म्हणाला, "हरबरे भिजत घाल." तिने घातले. तेव्हापासून रोज सकाळी मूठभर खातो. दात शाबूत आहेत, चावताना आवाज येतो तो अंगणात ऐकू येतो.

प्रितेश, मला एक गोष्ट या पत्राने दाखवली, ती लिहून ठेवते. तू माळ घातलीस तेव्हाही वहिनीने तुला तेच दिलं, उपासाचं: बटाटा, भात, रताळं. दुसरं तिला येत नव्हतं. तू सहा महिन्यांत सुकलास. लोकांना वाटलं दादाला लाज वाटते. मला वाटतं, तो घाबरला होता. पोरगा डोळ्यांदेखत बारीक होतोय, आणि त्याला त्याचा अर्थ एकच लावता आला की मटण सोडलं की माणूस असा होतो. म्हणून गटारीला कोंबडा कापला. तुझ्यासाठीच कापला होता तो.

ज्या चुकीने तू जिन्यात बसलास, त्याच चुकीने त्याचा पाय चिघळला. तू ती तिथे ओळखलीस आणि सुधारलीस, तक्रार न करता. मी मुलांचं कौतुक करत नाही, त्याने ती बिघडतात. तुझं करते आहे.

जखमेच्या कडा गुलाबी दिसायला लागल्या आहेत. डॉक्टर बोटांचं नाव काढत नाहीत.

विनयाआत्या

ता.क. अंडी तू खात नाहीस, तर दही आणि शेंगदाणे वाढव. मोड आणत असशील तर पाणी दोनदा बदल, तिथल्या उष्म्यात वास येतो.


१८ जानेवारी १९९९

चि. प्रितेश,

हे पत्र तुझ्या वडिलांबद्दल आहे, आणि ते स्तुतीचं आहे. वाचून झाल्यावर जपून ठेव, कारण मी असं पुन्हा लिहीन असं वाटत नाही.

मला भीती होती की हा माणूस एकदा वळला की दुसऱ्या टोकाला जाईल. खायचं तर परातभर, सोडायचं तर कायमचं. डिसेंबरात त्याने तसं म्हटलंही: आता मासळी पण नको. मी म्हटलं, तू माळ घातलेली नाहीस, तुझ्या पोराने घातली आहे. कमी म्हणजे बंद नव्हे. डॉक्टरांनी मासळी दिली आहे ती घे. तर मग त्याने हळूच विचारलं की सुकट मासळीत धरायची का. मी म्हटलं, धरायची. म्हणाला, "ती तं तोंडी लावायला असते. मासळी थोडीच ती." हा वाद दोन रविवार चालला. शेवटी सुकट मासळीत धरली, खारट आहे म्हणून तीही चिमूटभर, आणि त्याने ते पाळलं.

क्लेमेंटीनबाई येता-जाता टोमणे मारतात. "श्रीपतभाऊ, आमचा उपासकाल इस्टरला संपतो. तुमचा कवा?" तो म्हणतो, तुमचा देव दयाळू हाय, माझी भैन नाय.

आता हळदीचं सांगते. गेल्या बुधवारी दादाच्या चुलतभावाच्या घरी, म्हणजे तुझ्या जगन्नाथकाकांकडे, दिपिकाची हळद होती. आपल्याकडच्या हळदीला काय असतं ते तुला सांगायला नको. सकाळपासून मांडवामागे मटणाचे टोप. सुधाकर आणि मी गेलो होतो. माझे यजमान सुधाकर तसे मवाळ आहेत. ते मला वाटेतच म्हणाले, आज त्याला सोड, एक दिवस. तो काय करतो ते मलाही बघायचं होतं.

दादा पंगतीत बसला, सगळ्यांच्या मधोमध. वाढप्याने ताटात मटण घातलं तेव्हा त्याने हात आडवा केला नाही. एक तुकडा उचलला, सावकाश खाल्ला, हाड कडेला ठेवलं. मग वाढपी पुन्हा आला तेव्हा म्हणाला, "बास." आणि मांडीजवळचा डबा उघडला. त्यात वहिनीने केलेली चवळी आणि दोन भाकऱ्या होत्या. भरल्या पंगतीत त्याने ती खायला घेतली. गुरुवारचा उपास नव्हता, आजारपणाचं निमित्त पुढे केलं नाही, लपवलंही नाही.

पंगत हसायला लागली. समोरचा कोणी तरी, चढलेला होता, मोठ्याने म्हणाला, "काय श्रीपत, पोराने बापाला पन माल घातली काय?"

मला वाटलं आता ताट उडणार. तो घास संपवेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "माजा पोरगा हरबरे खाऊन भाताच्या गोनीयेवढं मशीन चार जिने चढवतो. येकटा. तुमच्यातला कोन चढवील तो पुढं या, मंग बोलू."

कोणी पुढे आलं नाही. उलट दिपिकाच्या सासरकडचा एक म्हातारा, त्यालाही साखर आहे, हळूच विचारायला लागला की चवळीत खोबरं घालायचं की नाही. दादाने त्याला अर्धी भाकरी दिली. वहिनी बायकांच्या पंगतीत होती. तिने सगळं ऐकलं. पदराने तोंड पुसत होती, पण जेवण अजून व्हायचं होतं तिचं.

मी चाळीस वर्षं मुलींना आहारशास्त्राचे तक्ते शिकवले. तक्ता पाळणं सोपं असतं; सगळा गाव हसत असताना पाळणं अवघड असतं. आणि एक तुकडा खाऊन थांबणं हे सगळं सोडण्यापेक्षाही अवघड आहे, हे जो थांबला आहे त्यालाच कळतं. माझ्या भावाला ते जमलं. मी त्याला तसं सांगितलं नाही. तुला सांगते.

जखम बंद झाली आहे. काल डॉक्टरांनी पट्टी काढली. दहाही बोटं जागेवर आहेत. आता तो चपला घालतो, शेतातही. आयुष्यात पहिल्यांदा.

तू त्याला दोन ओळी लिही. मला नव्हे, त्याला.

विनयाआत्या


२१ मार्च १९९९

चि. प्रितेश,

क्लेमेंटीनबाईंचा मुलगा एडवर्ड सुट्टी संपवून गुरुवारी मस्कतला परत येतो आहे, त्याच्याबरोबर हे पाठवते.

तू दादाला लिहिलेलं पत्र पोचलं. त्याने ते मला वाचायला दिलं नाही, यावरून त्यात काय असेल याचा अंदाज केला. वहिनीने चष्मा मागितला, तर तिलाही आधी "थांब" म्हणाला. मग दिला. बराच वेळ दोघं माजघरात होती. मी अंगणात विहिरीपाशी बसून राहिले. बाहेर आल्यावर दादा एवढंच म्हणाला, "विनू, त्याला सांग, शेतात पाय ठेवायला कोनाची परवानगी लागत नाय." मी म्हटलं, तूच लिही. म्हणाला, "माजं अक्षर त्याच्यापेक्षा वाईट हाय." हे खरं आहे.

यंदा भात कापल्यावर खाचरात वाल टाकले होते. पेरणी गड्याने केली, तेव्हा दादाला पाय टेकवत नव्हता. पण गेल्या आठवड्यात उपटले ते त्याने स्वतः, चपला घालून, बांधावर मला उभी करून. वाळवून झोडले, वहिनीने पाखडले. चांगले आले आहेत, टपोरे, थोडे कडू. इतकी वर्षं हे वाल बाजारात जायचे आणि घरात त्या पैशाचं मटण यायचं. यंदा पहिल्यांदा पोतं घरात उतरलं.

काल तुझ्यासाठी बांधाबांध केली. मी वालांची पुरचुंडी करायला घेतली तर दादाने माझ्या हातातून ती काढून घेतली. मी म्हटलं, अरे, त्याच्याच कामाची वस्तू आहे, प्रथिनं भरपूर. तो म्हणाला, "वाल नको पाठवू. भिजवा, मोड आना, मंग येक येक सोलत बसा. ते येकट्याचं काम नाय. कामावरून दमून आल्यावर कोन सोलंल? चवली दे त्याला, ती तशीच शिजते."

मी म्हटलं, मग एवढ्या वालांचं तू काय करणार?

"मे म्हयन्यात त्याची सुट्टी असते ना," तो म्हणाला. "तवा भिजत घालू. तो येक बाजूला बसंल, मी येक बाजूला. तुजी वहिनी फोडनी करील."

राख लावून डब्यात ठेवायचे म्हणून वहिनीने लगेच वाल आत नेले. मी हो किंवा नाही म्हटलं नाही, ते तुझ्याकडून यायचं आहे. तिकिटाचं वेळेत बघ.

एडवर्डकडे आज संध्याकाळी माझ्यासमोर सोपवलं ते असं:

चवळी, मोठी पिशवी. घरची.

कुळथाचं पीठ, डब्यात. वहिनीने भाजून दळलेलं. पिठलं करताना पाणी आधी उकळू दे.

भाजलेले शेंगदाणे. दादाने भाजले, थोडे करपले आहेत.

आमसुलं, क्लेमेंटीनबाईंकडून.

एक पाकीट, दादाचं, बंद केलेलं. आत काय आहे मी विचारलं नाही.

वाल: दिलेले नाहीत. श्रीपतच्या ताब्यात आहेत.

विनयाआत्या